ऐंशी मिनिटांचा विश्वचषक

३० नोव्हेंबर १९९१. चीनमधल्या ग्वांगझूचं तियान्हे स्टेडियम साठ हजारांहून जास्त प्रेक्षकांनी भरलेलं. अमेरिका आणि नॉर्वे १-१ अशा बरोबरीत. ७८व्या मिनिटाला नॉर्वेच्या बचावपटूने आपल्या गोलरक्षकाकडे परत दिलेला चेंडू आखूड पडला. मिशेल एकर्सने त्यावर झडप घातली, गोलरक्षकाला वळसा घातला आणि चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलला. पुरुषांच्या सामन्यात एवढ्यावर बारा मिनिटं शिल्लक राहिली असती आणि बारा मिनिटांत काहीही होऊ शकतं. नॉर्वेच्या हाती मात्र दोनच मिनिटं होती. महिलांच्या या पहिल्या विश्वचषकातले सगळे सामने चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन भागांत, म्हणजे ऐंशी मिनिटं खेळवले गेले.

तेव्हा या स्पर्धेला ‘विश्वचषक’ म्हणायलाही फिफा तयार नव्हती. चॉकलेटच्या गोळ्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या ‘एम अँड एम्स’च्या नावाने एक ‘जागतिक अजिंक्यपद स्पर्धा’ भरवली गेली. विश्वचषकाचा मान तिला मागाहून मिळाला. दहा मिनिटं कापण्यामागे कुठलाही अभ्यास नव्हता. नव्वद मिनिटं खेळवलं तर आमची अंडाशयं गळून पडतील अशी त्यांना भीती वाटत असावी, असा टोला अमेरिकेची कर्णधार एप्रिल हाइनरिक्सने हाणला होता. टोला झोंबणारा होता, कारण तो जवळजवळ शंभर वर्षं जुन्या वैद्यकीय मताला जाऊन लागत होता.

१८९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने मुलींच्या फुटबॉलविरुद्ध लिहिलं, तेव्हा त्यात नेमकी हीच काळजी होती: जे अवयव स्त्रिया जपत आल्या आहेत ते असे धक्क्याबुक्क्यांपुढे उघडे टाकायचे कसे? पुढच्याच वर्षी, मार्च १८९५ मध्ये, नेटी हनीबॉल या नावाने वावरणाऱ्या बाईच्या ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लबने लंडनच्या क्राउच एंडला सामना भरवला आणि त्याला हजारोंची गर्दी लोटली. डॉक्टरांचं मत आणि लोकांची गर्दी यांची तोंडं तेव्हापासूनच दोन दिशांना राहिली.

ही तफावत सगळ्यांत ठळक दिसली ती प्रेस्टन या गिरणगावात. पहिल्या महायुद्धात डिक, कर अँड कंपनीच्या कारखान्यात दारूगोळा तयार होत असे, आणि पुरुष आघाडीवर गेल्यामुळे यंत्रांपुढे बायका उभ्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत आवारात चेंडू लाथाडता लाथाडता त्यांचा संघ झाला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर त्यांचा पहिला मोठा सामना झाला, तो जखमी सैनिकांच्या इस्पितळाला पैसे उभे करण्यासाठी. दहा हजार लोक आले. कारखान्याच्या कचेरीत काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड संघाचे व्यवस्थापक झाले आणि तीनच वर्षांत डिक, कर लेडीज हे इंग्लंडभर माहीत असलेलं नाव झालं. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलन्सविरुद्ध त्यांचा सामना झाला, तेव्हा आत त्रेपन्न हजार प्रेक्षक होते आणि तिकीट न मिळालेले हजारो बाहेर. त्याच डिसेंबरात डीपडेलवर विमानविरोधी दलाचे प्रकाशझोत लावून रात्रीचा सामनाही झाला. ते झोत वापरायला युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांची परवानगी घ्यावी लागली होती.

पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ स्त्रियांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. धर्मादाय पैशांच्या हिशेबाबद्दलही कुरबुर होती, पण पुढे केली गेली ती शरीराची बाजू. लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या डॉ. मेरी शार्लीब यांनी हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही असं सांगितलं होतं. फ्रँकलंड यांनी यावर डॉक्टरांनाच सामना बघायला बोलावलं. त्यांतल्या एकाचं मत पडलं की दिवसभर ढीगभर कपडे धुऊन बाईला जेवढी इजा होईल त्याहून जास्त फुटबॉलने होणार नाही. धुण्याच्या ढिगावर अर्थातच कुणी बंदी आणली नाही.

बंदी पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ च्या सरकारी हुकमाने स्त्रियांना फुटबॉल वर्ज्य झाला तो १९७९ पर्यंत. पश्चिम जर्मनीत १९५५ पासून. तिथे या बंदीला विद्वत्तेचा टेकूही मिळाला. डच मानसशास्त्रज्ञ बॉइटेंडाइक यांनी १९५३ च्या सुमारास फुटबॉलवर एक ग्रंथच लिहिला आणि त्यात मांडलं की लाथ मारणं ही मुळातच पुरुषी कृती आहे. महिला फुटबॉलवरच्या संशोधनाचा इतिहास लिहायला बसलं तर सुरुवातीच्या पानांवर हे नाव येतं, आणि त्या पानांवर एकही मोजमाप सापडत नाही. कुणी पळणाऱ्या बाईची नाडी मोजली नाही, कापलेलं अंतर मोजलं नाही, दुखापतींची नोंद ठेवली नाही. निष्कर्ष आधीच ठरलेला होता.

१९७० मध्ये जर्मन संघटनेने बंदी उठवली ती अटींसह. तीस-तीस मिनिटांचे दोन भाग, मुलांचा हलका चेंडू, खिळ्यांचे बूट नाहीत आणि हिवाळ्यात सहा महिने खेळ बंद. इंग्लंडनेही त्याच सुमारास आपली बंदी मागे घेतली. युरोपीय संघटनेने १९८४ मध्ये राष्ट्रीय महिला संघांची पहिली स्पर्धा पूर्ण केली, तेव्हा सामने पस्तीस-पस्तीस मिनिटांचे होते आणि चेंडू चार नंबरचा, म्हणजे मुलांचा. स्वीडन आणि इंग्लंड यांच्यातली अंतिम लढत दोन सामन्यांची होती. गोथेनबर्गमध्ये स्वीडन १-०, ल्यूटनच्या चिखलात इंग्लंड १-०, आणि मग पेनल्टी. पहिल्या सामन्यातला गोल आणि शेवटची निर्णायक पेनल्टी दोन्ही पिया सुंदहागेच्या. हे नाव लक्षात ठेवावं, ते पुढे पुन्हा येणार आहे.

साठ मिनिटं, सत्तर, ऐंशी. नव्वदीकडे बायकांना असं हप्त्याहप्त्याने सोडलं गेलं, आणि प्रत्येक हप्ता समितीतल्या पुरुषांच्या अंदाजाने ठरला. जर्मनीचा महिला संघ १९८९ मध्ये युरोपचा विजेता झाला, तेव्हा संघटनेने प्रत्येक खेळाडूला बक्षीस म्हणून कॉफीचा सेट दिला. त्या समित्यांच्या डोळ्यांपुढे कोणती बाई होती, हे त्या कपबशांवरून पुरेसं कळतं.

बंदीचं एक नुकसान मात्र तारखांच्या यादीत दिसत नाही. डावपेच पुस्तकातून येतात त्याहून जास्त माणसांतून येतात. खेळून थांबलेली खेळाडू प्रशिक्षक होते, आपल्याला कशामुळे हरवलं ते पुढच्या मुलींना सांगते. १९२१ नंतर ही साखळी तुटली. डिक, करची लिली पार डाव्या पायाच्या जबरदस्त फटक्यासाठी प्रसिद्ध होती आणि तीस वर्षं खेळत राहिली. पण तिचं शहाणपण ज्या क्लबांच्या व्यवस्थेत मुरायला हवं होतं, त्या व्यवस्थेचं दारच बंद होतं. १९७१ मध्ये मेक्सिकोत फिफाच्या मान्यतेशिवाय महिलांची जागतिक स्पर्धा झाली. लाखभर प्रेक्षकांसमोर डेन्मार्कने यजमानांना ३-० हरवलं आणि तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुझान ऑगस्टेसनने केले. गर्दी होती, गुणवत्ता होती. त्या सामन्यातून काय शिकायचं ते नोंदवून ठेवणारी संस्था नव्हती.

ही नोंदवही प्रथम पद्धतशीर उघडली गेली ती अमेरिकेतल्या विद्यापीठात. १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींच्या खेळांनाही समान संधी देणं भाग पाडलं, त्यानंतर १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अँसन डोरन्स यांनी मुलींचा संघ उभा केला. त्याच विद्यापीठातले बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातल्या गोष्टींचीही आकडेवारी ठेवत. डोरन्स यांनी ती रीत उचलली आणि टोकाला नेली. सरावातली प्रत्येक झटापट, प्रत्येक शर्यत, एकास एक अशी प्रत्येक लढत मोजायची आणि क्रमवारी फलकावर लावायची. मुलींना उघड स्पर्धा मानवत नाही, त्यांना सांभाळून घ्यावं लागतं, या समजुतीला ती फलकावरची यादी रोज उत्तर देत होती. पद्धत निर्दय आहे, आणि सगळ्याच खेळाडूंना ती मानवली असेल असं मानायचं कारण नाही. पण बाईचा खेळ बघून, मोजून, त्यावर काही बेतणं इथे सुरू झालं.

डोरन्स १९९१ मध्ये राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. त्यांनी आघाडीला तिघी ठेवल्या: एकर्स, हाइनरिक्स आणि कॅरिन जेनिंग्ज. मागे बचावाला तिघीच. समोरच्या बचावफळीला चेंडू घेऊन वळायलाच द्यायचं नाही, तिच्या अंगणातच तिला गाठायचं, असा हा आक्रमक बेत होता. चिनी वार्ताहरांनी या त्रिकुटाला तिधारी तलवार म्हटलं. उपांत्य फेरीत जर्मनीचा ५-२ असा फडशा पडला आणि त्यात जेनिंग्जची हॅटट्रिक होती. एकर्सने स्पर्धेत दहा गोल केले. अंतिम सामन्यातला तो ७८व्या मिनिटाचा गोलही याच बेताचं फळ म्हणता येईल. सतत पाठलाग होत असलेल्या बचावपटूचा बॅकपास आखूड पडतो, तो निव्वळ दुर्दैवाने नव्हे.

हरलेल्या नॉर्वेकडे वेगळं तत्त्वज्ञान होतं. एव्हेन पेलेरुड यांचा संघ मधल्या फळीत चेंडू घोळवत बसत नसे. मागून थेट लांब चेंडू, उंच आणि ताकदवान खेळाडूंची त्यावर धाव, आणि सुटलेल्या चेंडूवर दुसऱ्या फळीचा कब्जा. दिसायला रुक्ष, पण परिणाम बघा. १९९५ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात नॉर्वेने सहा सामन्यांत २३ गोल केले आणि एकच खाल्ला. अमेरिकेला उपांत्य फेरीत १-०, जर्मनीला अंतिम फेरीत २-०.

ही स्पर्धा नव्वद मिनिटांची होती. गंमत म्हणजे ती दहा मिनिटं देतानाही फिफाने एक प्रयोग जोडून दिला: प्रत्येक संघाला प्रत्येक भागात दोन मिनिटांची विश्रांती मागून घेता येईल. प्रयोग पुढे गुंडाळला गेला. १९९९ मध्ये पॅसाडीनाच्या रोझ बाउलमध्ये नव्वद हजारांवर प्रेक्षकांनी अमेरिका आणि चीन यांना एकशेवीस मिनिटं गोलशून्य झुंजताना पाहिलं, मग पेनल्टी. दीर्घकाळ थकव्याच्या आजाराशी झगडणारी एकर्स त्या दिवशी मधल्या फळीत बचावाचं काम करत होती आणि नव्वद मिनिटं संपताना कोसळून बाहेर गेली. ती थकली ती त्या दिवशी मैदानावर सगळ्यांत जास्त झुंजलेल्यांपैकी होती म्हणून.

मग थकव्याचं खरं मोजमाप कधी झालं? कोपनहेगन विद्यापीठात येन्स बँग्सबो यांच्याभोवती फुटबॉलच्या शरीरशास्त्राचा अभ्यास करणारा गट तयार झाला होता. थांबत-धावत घ्यायची ‘यो-यो’ चाचणी, जी आज भारतीय क्रिकेटमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, ती याच बँग्सबो यांची. या गटातल्या पीटर क्रुस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डेन्मार्कच्या चौदा अव्वल खेळाडूंचा अभ्यास छापला. सामन्यात एक खेळाडू सरासरी १०.३ किलोमीटर अंतर कापत होती, त्यातलं सुमारे १.३ किलोमीटर जोरकस धावेचं. आणि प्रत्येक भागाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ही जोरकस धाव कमी होत होती.

म्हणजे ऐंशीवाल्यांचं बरोबर होतं? तसं म्हणायच्या आधी याच गटाचा २००३ चा पुरुषांवरचा अभ्यास उघडावा. मॅग्नी मोहर, क्रुस्ट्रुप आणि बँग्सबो यांना पुरुषांतही शेवटच्या पंधरा मिनिटांत हीच घसरण दिसली होती. पुरुषांचा सामना आखूड करा, असं त्यावरून कुणी सुचवलं नाही. मोहर यांच्या २००८ च्या अभ्यासात चौतीस महिला खेळाडू होत्या. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडू स्कँडिनेव्हियातल्या क्लबस्तरावरच्या खेळाडूंपेक्षा २८ टक्के जास्त जोरकस धाव घेतात, असं त्यात निघालं. पुरुषांच्या २००३ च्या अभ्यासात अव्वल आणि त्याखालच्या दर्जातला फरक किती होता? तोही २८ टक्के. योगायोगाचा भाग मान्य करूनही हा आकडा थबकायला लावतो. धावेचे एकूण मीटर पुरुषांत जास्त आहेतच, ते कुणी नाकारत नाही. पण चांगल्या आणि उत्कृष्ट खेळाडूंतलं अंतर दोन्हीकडे सारखंच पडतं, आणि प्रशिक्षकाला नेमकं तेच माहीत हवं असतं.

मोजपट्टी कुणाची, हा वादही मग पुढे आला. पुरुषांच्या विश्लेषणात ताशी २५.२ किलोमीटरच्या वरचीच धाव ‘स्प्रिंट’ धरायची रूढी होती. ती पट्टी महिलांना लावली की त्यांच्या पूर्ण ताकदीच्या कितीतरी धावा हिशेबातूनच गळतात, आणि मग सराव आखणारा समजतो की या फारशा पळालेल्याच नाहीत. २०१९ मध्ये पार्क, स्कॉट आणि लव्हेल यांनी महिलांसाठी ही रेघ ताशी २२.५ वर आणायचं सुचवलं. यातल्या डॉन स्कॉट म्हणजे त्या काळात अमेरिकी महिला संघाची शारीरिक तयारी सांभाळणाऱ्या तज्ज्ञ. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विश्वचषक जिंकलेल्या त्या संघात खेळाडूंच्या मासिक पाळीची नोंद ठेवून झोप, आहार आणि विश्रांती बेतायचं कामही त्यांनी केलं. त्यानंतर लगेच इंग्लंडमध्ये चेल्सीच्या तेव्हाच्या प्रशिक्षक एमा हेज यांनी सरावाचं वेळापत्रकही पाळीच्या नोंदींशी जोडलं. शंभर वर्षं बंदीचं कारण म्हणून वापरलेलं शरीर इथे प्रथमच कामाची माहिती म्हणून वाचलं जात होतं.

मोजमापाने सिद्ध व्हायच्या आधीपासून मैदानावर एक गोष्ट दिसत होती: हिरावून घेतलेली ती शेवटची मिनिटं हेच या खेळातलं सगळ्यांत मोलाचं भांडवल आहे. २०११ चा जर्मनीतला विश्वचषक घ्या. अमेरिकेच्या प्रशिक्षक होत्या पिया सुंदहागे, सत्तर मिनिटांच्या काळातल्या त्याच. ब्राझीलविरुद्ध दहाच जणी उरलेल्या असताना १२२व्या मिनिटाला मेगन रॅपिनोच्या लांब क्रॉसवर अ‍ॅबी वॉम्बाकने हेडरने बरोबरी साधली आणि पेनल्टीवर त्या जिंकल्या. अंतिम सामन्यात हाच न्याय उलटला. नोरिओ सासाकी यांच्या जपानला उंची आणि ताकद यांत अमेरिकेशी टक्कर देणं शक्य नव्हतं; आखूड पास, नेमक्या जागा आणि धीर यांवर तो संघ उभा होता. दोनदा पिछाडीवरून जपानने बरोबरी साधली. दुसऱ्यांदा होमारे सावाने, कॉर्नरवर, ११७व्या मिनिटाला. मग पेनल्टीवर ३-१.

महाराष्ट्रातल्या मैदानांनीही हे पाहिलं आहे. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे झाला. यजमान भारताचा संघ करोनाने ग्रासला आणि एका बरोबरीनंतर स्पर्धेतूनच बाहेर पडला, त्यामुळे इथल्या वाचकांच्या लक्षात बाकीचे सामने राहिले नाहीत. पण बालेवाडीत चीन-जपान उपांत्य सामना झाला तो विसरण्यासारखा नव्हता. जादा वेळेत जपान २-१ पुढे, आणि ११९व्या मिनिटाला चीनच्या वांग शानशानचा गोल. पेनल्टीवर चीन पुढे. तीन दिवसांनी डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने मध्यंतरापर्यंत २-० आघाडी घेतली. चीनच्या प्रशिक्षक शुई चिंगशिया, स्वतः १९९६ च्या ऑलिम्पिक रौप्यविजेत्या संघातल्या, यांनी खेळाडू बदलले. ६८व्या मिनिटाला पेनल्टी, ७२व्याला हेडर, आणि भरपाई वेळेत, ९३व्या मिनिटाला, बदली आलेल्या शियाओ युयीचा विजयी गोल. सामना ऐंशी मिनिटांचा असता तर २-२ वर पंचांची शिट्टी वाजली असती.

त्याच वर्षीच्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडच्या प्रशिक्षक सरिना वीगमन यांनी हा विचार जवळजवळ सूत्रासारखा वापरला. इंग्लंडचे सहाच्या सहा सामने त्याच अकराजणींनी सुरू केले, आणि दमलेल्या बचावफळीवर सोडायला एलेसिया रुसो, एला टून, क्लोई केली बाहेर बसवून ठेवलेल्या. रुसोने बदली म्हणून येऊन चार गोल केले. वेम्ब्लीवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल, टूनचा ६२व्या आणि केलीचा ११०व्या मिनिटाला, बाकावरून आलेल्यांचे होते. २०२५ मध्येही मिशेल अग्येमांग या किशोरवयीन खेळाडूने उशिरा उतरून स्वीडन आणि इटलीविरुद्ध बुडता संघ वाचवला, आणि इंग्लंडने चषक राखला.

या सगळ्या प्रगतीत दुखापतींचा कप्पा मात्र अजून अर्धाच भरलेला आहे. नॉर्वेत टोर्ब्योर्न सोलीगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १२५ क्लबांतल्या जवळजवळ एकोणीसशे किशोरवयीन मुलींवर एका वॉर्म-अप पद्धतीची चाचणी घेतली. गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. ‘११+’ या नावाने फिफाने ती जगभर पोचवली आणि आज मुलगेही तीच करतात, बहुधा ती मुलींवर तपासून सिद्ध झाली हे ठाऊक नसताना. हे अपवादाचं उदाहरण. २०१४ ते २०२० मधल्या क्रीडाविज्ञानाच्या पाच हजारांवर शोधनिबंधांची छाननी झाली, तेव्हा फक्त स्त्रियांवर केलेले अभ्यास ६ टक्के निघाले.

गुडघ्यातला पुढचा क्रूसाकार अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचं प्रमाण महिला फुटबॉलपटूंत पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. २०२३ च्या विश्वचषकाला बेथ मीड, लिया विल्यमसन आणि व्हिव्हियान मिएडेमा याच एका कारणाने मुकल्या. कारणं शोधताना बराच काळ रुंद कंबर, गुडघ्याचा कोन, संप्रेरकं यांच्याभोवतीच चर्चा फिरत राहिली. २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटना, लीड्स बेकेट विद्यापीठ आणि नाइकी यांनी इंग्लंडच्या महिला सुपर लीगमध्ये तीन वर्षांचा प्रकल्प सुरू केला. त्यात खेळाडूंचे सामने, प्रवास आणि दोन सामन्यांमधली विश्रांती यांची नोंद होते, आणि क्लबांना विचारलं जातं की त्यांच्याकडे वैद्यकीय कर्मचारी किती आहेत आणि सरावाच्या सोयी कशा आहेत.